उष्ट्या पेल्यापासून कागदी कपापर्यंत

टपरीवर चहा घेताना आपल्यासमोर दोन पर्याय असतात. एक म्हणजे काचेचा छोटा ग्लास. तो आधीच्या गिऱ्हाइकाने ठेवल्यावर बादलीतल्या पाण्यात एकदा बुचकळून पुन्हा भरला जातो. दुसरा म्हणजे कागदी कप. तो कोरा असतो, प्यायचा आणि टाकून द्यायचा. पुष्कळ लोक कागदी कप घेतात, कारण "तो स्वच्छ असतो". हल्ली काही लोक तोच नाकारतात, कारण "त्यात प्लास्टिक असतं".

दवाखान्यात मला दोन्ही बाजूंचे लोक भेटतात, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. असं कसं, हे समजून घ्यायचं तर या कपाचा इतिहास पाहायला हवा. वापरून फेकायचा कप हा केवळ सोयीसाठी आला, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो रोगाच्या भीतीतून जन्माला आला आणि त्याची जोरदार शिफारस करणाऱ्यांत डॉक्टर होते. आज त्याच कपाबद्दल डॉक्टरच सावध करत आहेत.

एकच पेला, शेकडो ओठ

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत रेल्वेचे डबे, स्थानकं, शाळा, सार्वजनिक विहिरी, सगळीकडे पाण्यासाठी एक सोय असे. पाण्याचं पिंप आणि त्याला साखळीने बांधलेला एक पत्र्याचा पेला. येईल तो त्याच पेल्याने पाणी पिई आणि पेला तसाच लटकवून पुढे जाई. धुण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्याला हे वाचून कसंसंच होतं. आपल्याकडे उष्टं न खाण्याचा संस्कार जुना आहे. आपण तांब्या वरून धरून पाणी पितो. पण तिकडे त्या काळी सामायिक पेला हा रोजच्या जगण्याचा भाग होता.

मग जंतूंचा शोध लागला. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. क्षय हा तेव्हा युरोप-अमेरिकेत मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक होता. तो नशिबाने किंवा घराण्यातून येत नाही, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, हे कळल्यावर लोकांची नजर साहजिकच त्या साखळीच्या पेल्याकडे वळली.

कॅन्ससचा डॉक्टर

डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचे आरोग्य अधिकारी होते. रेल्वेने प्रवास करताना क्षयाचे रुग्ण आणि लहान मुलं एकाच पेल्याने पाणी पिताना त्यांनी पाहिली आणि ही पद्धत बंद करायचीच, असं ठरवलं. माणूस मोठा कल्पक होता. रस्त्यावर थुंकू नका, हा संदेश त्यांनी फरसबंदीच्या विटांवरच कोरून घेतला होता, म्हणजे चालताना पायाखाली तीच सूचना दिसावी!

त्याच सुमारास, १९०८ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या लाफाएट कॉलेजातले जीवशास्त्राचे प्राध्यापक अल्व्हिन डेव्हिसन यांनी शाळांमधल्या पेल्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. पेल्यावर त्यांना जंतू दिसलेच, शिवाय मुलांच्या ओठांच्या आणि तोंडाच्या त्वचेच्या पेशीही चिकटलेल्या दिसल्या. आपल्या लेखाला त्यांनी "शाळेच्या पेल्यातला मृत्यू" अशा अर्थाचं शीर्षक दिलं. ते वाचून पालक हादरले.

१९०९ मध्ये कॅन्ससने रेल्वे आणि शाळांतल्या सामायिक पेल्यावर बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. पाठोपाठ इतर राज्यांनीही कायदे केले आणि १९१२ मध्ये एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाड्यांमधूनही हा पेला हटला.

पेला तर गेला. पण मग पाणी प्यायचं कशाने?

"आरोग्य कप" येतो

याचं उत्तर बोस्टनमधल्या लॉरेन्स लुएलन नावाच्या वकिलाने १९०७ च्या सुमारास शोधलं होतं. त्याने कागदाचा, एकदाच वापरायचा पेला तयार केला. पाणी झिरपू नये म्हणून कागदाला मेण लावलेलं असे. त्याचा मेहुणा ह्यू मूर या धंद्यात उतरला. सुरुवातीला ते कप विकतच नव्हते. एका यंत्रातून एक सेंट घेऊन गार पाणी विकायचे आणि त्या पाण्यासोबत कप मिळायचा. पण पाणी विकत घ्यायला कोण तयार होणार? लोकांना हवा होता तो कप.

मग त्यांनी कपच विकायला घेतला आणि नाव दिलं "हेल्थ कप". नाव नीट पाहा. "सोयीचा कप" नाही, "स्वस्त कप" नाही, "आरोग्य कप". १९१८ च्या फ्लूच्या साथीत त्याची मागणी आणखी वाढली. १९१९ मध्ये त्याचं नाव बदलून "डिक्सी कप" झालं. हे नाव शेजारच्या बाहुल्यांच्या कंपनीवरून घेतलं होतं. पुढे या कंपनीने आपला कारखाना ईस्टनजवळ उभारला. ज्या गावात शाळेच्या पेल्यावरचे जंतू मोजले गेले, त्याच परिसरात कागदी कप तयार होऊ लागले.

एक गैरसमज, जो अजून जिवंत आहे

इथे थोडं थांबू या, कारण या इतिहासात आपल्या घरांशी संबंध असलेली एक गोष्ट आहे.

सामायिक पेला घाणेरडा होता यात शंका नाही. त्यातून जुलाबाचे आजार, घसादुखी, ओठांवर "जर फुटणं" असे त्रास पसरू शकतात. पण ज्या क्षयरोगाच्या भीतीने तो हटवला गेला, तो क्षय मुळात पेल्यातून पसरत नाही. फुप्फुसाचा क्षय असलेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो, तेव्हा हवेत उडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांतून तो पसरतो. म्हणजे निष्कर्ष योग्य निघाला, पण त्याचं कारण अर्धवट होतं.

त्या अर्धवट कारणाची किंमत आजही रुग्ण मोजतात. घरात कुणाला टीबी निघाला की पहिल्यांदा त्याचं ताट, वाटी, पेला वेगळा केला जातो. सुनेला निघाला तर विचारूच नका. मात्र त्याच घरात खिडक्या बंद असतात आणि रुग्ण तोंडावर रुमाल न धरता खोकत असतो! म्हणजे जिथून धोका नाही तिथे बंदोबस्त, आणि जिथून आहे तिथे दुर्लक्ष.

म्हणून स्पष्ट सांगतो. टीबीच्या रुग्णाची भांडी वेगळी करायची गरज नाही. नेहमीसारखी साबणाने धुतली की पुरे. गरज आहे ती हवा खेळती ठेवण्याची, खोकताना तोंड झाकण्याची, घरच्यांची तपासणी करून घेण्याची आणि औषधांचा कोर्स पूर्ण करण्याची. योग्य औषधं नियमित सुरू झाली की संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्याने कमी होते. रुग्णाचा पेला वेगळा केल्याने बाकीच्यांचं रक्षण होत नाही, त्याचं मन मात्र मोडतं.

मेण गेलं, प्लास्टिक आलं

आता पुन्हा कपाकडे वळू. मेणाच्या कपात गार पाणी ठीक होतं. गरम चहा-कॉफीने मेण वितळायचं. त्यामुळे गरम पेयांसाठी दुसरं काहीतरी हवं होतं.

ते "दुसरं काहीतरी" २७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमध्ये अपघातानेच सापडलं. आयसीआय कंपनीच्या विनिंग्टन इथल्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन प्रयोग करत होते. प्रयोग अपेक्षेप्रमाणे झाला नाही, पण भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. हेच पॉलिथिलीन, ज्याला आपण बोलीभाषेत "पॉलिथीन" म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या तारांवरच्या वेष्टनासाठी वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर एवढ्या मालाचं करायचं काय, तर ते घराघरांत आणि स्वयंपाकघरांत पोचलं. कागदी कपातल्या मेणाची जागाही हळूहळू पॉलिथिलीनने घेतली.

पाठोपाठ भावंडंही आली. पॉलिस्टायरीन आलं. ते फुगवलं की आपण ज्याला थर्माकोल म्हणतो ते होतं. १९५४ मध्ये इटलीतल्या जुलिओ नत्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन तयार केलं. आज जेवणाच्या पार्सलचे डबे बहुधा त्याचेच असतात. या कामासाठी नत्ता आणि जर्मनीचे कार्ल त्सीग्लर यांना १९६३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. १९७३ मध्ये अमेरिकेत नथॅनिएल वायथ यांना पेट बाटलीचं पेटंट मिळालं. ती म्हणजे आपली पाण्याची आणि शीतपेयाची बाटली.

हे कप तयार होतात तरी कसे?

कारखान्यातली कृती समजली की पुढचा सल्ला आपोआप पटतो.

*प्लास्टिकचा पातळ कप :* सुरुवात साबुदाण्याएवढ्या प्लास्टिकच्या दाण्यांपासून होते. हे दाणे तापवून, मळून, एका यंत्रातून दाबून बाहेर काढतात. आपण सोऱ्यातून शेव पाडतो तसंच, फक्त शेवेऐवजी सलग पत्रा बाहेर येतो. हा पत्रा पुन्हा मऊ होईपर्यंत तापवतात आणि साच्यावर ओढून हवेच्या दाबाने किंवा हवा शोषून त्याला कपाचा आकार देतात. गार झाला की कडा कापून कप वेगळे करतात.

*थर्माकोलचा कप :* पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांमध्ये पेंटेनसारखा चटकन वायू होणारा पदार्थ भरलेला असतो. वाफ दिली की मणी लाह्यांसारखे फुगतात. मग ते साच्यात भरून पुन्हा वाफ देतात, तेव्हा एकमेकांना चिकटून कप होतो. तुटलेल्या कपाच्या कडेला ते गोल मणी तुम्ही पाहिलेच असतील.

*कागदी कप :* जाड कागदाच्या रोलवर वितळलेल्या पॉलिथिलीनचा पातळ पडदा सोडतात. तो कागदावर गार होऊन चिकटतो. हा थर केसापेक्षाही पातळ असतो. मग छपाई होते, पंख्याच्या आकाराचे तुकडे कापले जातात, ते गुंडाळून जोड तापवतात, तळाची गोल चकती बसवतात आणि वरची कड बाहेर वळवतात. जोडाला सहसा वेगळा डिंक लागत नाही, कारण तो थरच उष्णतेने मऊ होऊन चिकटतो.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. या सगळ्या वस्तू उष्णतेने मऊ करून बनवलेल्या आहेत. ज्या गुणामुळे त्या सहज बनतात, त्याच गुणामुळे त्या उष्णतेपुढे कच्च्या असतात. पेट बाटलीत कढत पाणी ओतलं की ती आकसते, वेडीवाकडी होते, कारण साधारण ७० अंशांच्या पुढे ती मऊ पडू लागते. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ होतं. पॉलिप्रॉपिलीन त्यामानाने बरंच टिकतं, ते वितळायला १६० अंशांच्या आसपास तापमान लागतं.

आणि हो, व्हॉट्सॲपवर फिरणारा तो संदेश, "कागदी कपातलं मेण वितळून आतड्यांना चिकटतं", तो विसरा. चहाच्या कपात हल्ली सहसा मेण नसतं. प्रश्न आहे तो मेणाच्या जागी आलेल्या थराचा.

डॉक्टरांची दुसरी शंका

पहिली शंका जंतूंची होती. दुसरी शंका रसायनांची आणि कणांची आहे.

तिची मुळंही जुनी आहेत. १९३६ मध्ये लंडनमधले संशोधक चार्ल्स डॉड्स स्त्री-संप्रेरकासारखं काम करणारी कृत्रिम द्रव्यं शोधत होते. त्यांनी तपासलेल्या द्रव्यांत बिस्फेनॉल-ए होतं, आणि त्याचा तसा सौम्य परिणाम प्राण्यांवर दिसलाही. औषध म्हणून ते मागे पडलं. पुढे १९५० च्या दशकात त्याच द्रव्यापासून पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक, न फुटणारं प्लास्टिक बनू लागलं आणि त्याच्या बाळांच्या दुधाच्या बाटल्या निघाल्या. त्या बाटल्यांवर युरोपने २०११ मध्ये आणि भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये बंदी आणली. परिणाम दिसल्यापासून बंदी येईपर्यंत सुमारे पाऊण शतक गेलं.

पॉलिस्टायरीन ज्यापासून बनतं त्या स्टायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये "बहुधा कर्करोगजनक" या गटात टाकलं. याचा अर्थ थर्माकोलच्या एका कपाने कर्करोग होतो असा नाही. मुख्य चिंता कारखान्यात स्टायरीनची वाफ रोज श्वासातून घेणाऱ्या कामगारांची आहे. पण कढत आणि तेलकट पदार्थ त्यात न ठेवणं शहाणपणाचं.

आपल्या कागदी कपाबद्दलचा महत्त्वाचा अभ्यास भारतातलाच आहे. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये कागदी कपात ८५ ते ९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटं ठेवलं. त्या पाण्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण आढळले. आतला पातळ थर गरम पाण्याने झिजत होता.

हे कण शरीरात जाऊन काय करतात? इथे मी तुम्हाला घाबरवणारही नाही आणि खोटा दिलासाही देणार नाही. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इटलीतला एक अभ्यास आला. मानेतल्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या त्या थरात पॉलिथिलीन सापडलं. ज्यांच्या थरात असे कण होते त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त, सुमारे साडेचार पट, दिसलं. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं सिद्ध होत नाही. शिवाय ते कण चहाच्या कपातूनच आले होते असंही नाही. प्लास्टिक आता पाण्यात, हवेत, मिठातही आहे. तेव्हा पुरावा अजून अपुरा आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आपल्याकडची गोष्ट

एकदा वापरून टाकायची भांडी आपल्याला नवी नाहीत. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण, उत्तरेतले मातीचे कुल्हड, हे सगळं आपल्याकडे पूर्वीपासून होतं. फरक एवढाच की पंगत उठल्यावर पत्रावळ गुरांपुढे किंवा उकिरड्यावर जाई आणि तिची माती होई.

भारतात १९५७ मध्ये पॉलिस्टायरीनचं उत्पादन सुरू झालं, आणि पुढच्या काही दशकांत प्लास्टिक गल्लीबोळात पोचलं. मुंबईकरांना आरेच्या काचेच्या दुधाच्या बाटल्या आठवत असतील. त्यांची जागा पिशवीने घेतली. २६ जुलै २००५ च्या महापुरात तुंबलेल्या गटारांतल्या प्लास्टिक पिशव्यांची चर्चा घरोघरी झाली. २०१८ मध्ये महाराष्ट्राने आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. केंद्राच्या यादीत प्लास्टिकचे कप आणि ग्लासही आहेत. मग टपऱ्यांवर कागदी कप आणखी वाढले, आणि आतला थर दिसत नसल्याने लोकांना वाटलं की प्लास्टिक गेलं.

मग आपण काय करायचं?

या सगळ्या इतिहासातून तीन शब्द लक्षात ठेवा : उष्णता, तेल आणि वेळ. पदार्थ जितका गरम, जितका तेलकट आणि जितका जास्त वेळ प्लास्टिकला चिकटून राहील, तितकं त्यातून अन्नात उतरण्याचं प्रमाण वाढतं.

• पातळ पिशवीतून कढत चहा, सांबार किंवा रस्सा आणणं आजपासून बंद करा. यात उष्णता, तेल आणि वेळ तिन्ही एकत्र येतात. घरून स्टीलचा डबा किंवा किटली न्या.

• कागदी कप कधीतरी वापरावा लागला तर चहा त्यात फार वेळ ठेवू नका. दिवसाला चार-पाच कप चहा घेत असाल तर ऑफिसात स्वतःचा चिनी मातीचा किंवा स्टीलचा कप ठेवा.

• थर्माकोलच्या कपात लिंबाचा चहा नकोच. लिंबाच्या सालीतलं तेल पॉलिस्टायरीन विरघळवतं.

• पार्सलच्या प्लास्टिक डब्यात अन्न पुन्हा गरम करू नका. काचेच्या भांड्यात काढून घ्या.

• डब्याखालच्या त्रिकोणातला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. १ म्हणजे पेट, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन.

• वडापाव, भजी वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका. छपाईची शाई तेलात उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनीही याला मनाई केली आहे.

• बाळाचं दूध काचेच्या बाटलीत किंवा, त्याहून चांगलं, वाटी-चमच्याने पाजा.

आणि काचेच्या ग्लासाचं काय? तो आजही उत्तम आहे, अट एकच. तो वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतलेला हवा. चहावाल्या दादांना तसं सांगायला लाजू नका. चार गिऱ्हाइकांनी आग्रह धरला की नळ आणि साबण आपोआप येतात. पावसाळ्यात, जुलाब आणि काविळीची साथ असताना, बादलीत बुचकळलेल्या ग्लासापेक्षा कागदी कप घेतलात तर ते चुकीचं नाही. साखळीच्या पेल्याकडे परत जायचं नाहीच.

क्रम्बाइन यांच्या पिढीने जंतू पाहिले आणि पेला फेकायला शिकवलं. त्यांच्या काळात ते गरजेचंच होतं, त्याने अनेक आजारांना आळा बसला. पण पेला फेकण्याऐवजी तो नीट धुणं, हाही एक मार्ग तेव्हा होता आणि आजही आहे. थोडं पाणी, थोडा साबण आणि आपला स्वतःचा कप. जंतूंपासूनही सुटका आणि प्लास्टिकपासूनही. याहून स्वस्त औषध माझ्याकडे तरी नाही.